सोन्याच्या पाण्यात आई

प्रिय धाकटे,

तुझा निरोप मिळाला. आईचा फोटो अजून का आला नाही, असं विचारलंस. तिच्या जुन्या निगेटिव्हवरून फोटो केला होता, पण तो पाठवण्यासारखा झाला नाही. आईचा चेहरा पाटीसारखा करडा आला. तिने पाहिला असता तर म्हणाली असती, आता तरी मला जरा बरी दाखव.

स्टुडिओत हल्ली शुकशुकाट असतो. मिठाच्या पाण्यातून काढलेला कागद वाळवायचा, त्याला चांदीचं द्रावण लावायचं, निगेटिव्हखाली उन्हात ठेवायचा, हे सगळं हात अजून आपसूक करतात. कंबर तेवढी कुरकुरते. अडतं ते पुढे, सोन्याच्या पाण्यात. सोनं चढवलं नाही तर फोटो फिका पडत जातो, म्हणून ते टाळताही येत नाही. तुला आठवत असेल, विटकरी फोटो त्यात सोडला की हळूहळू तपकिरी होतो, मग सावल्यांवर जांभळट छटा चढते. तेव्हाच उचलायचा. जरा रेंगाळलं की सगळं थंडगार करडं. घड्याळ लावूनही पाहिलं, पण ते पाणी फोटोगणिक दमत जातं, अगदी माझ्यासारखं. कालचा अंदाज आज चालत नाही.

परवा आपले शाळेचे मास्तर त्यांचा फोटो न्यायला आले. फोटोत बिचारे थंडीत कुडकुडून आल्यासारखे दिसत होते. छान आहे म्हणाले आणि घेऊन गेले. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तू स्टुलावर चढून ट्रेमध्ये डोकावायचीस आणि माझ्याआधी ‘आता’ म्हणायचीस. मला भारी राग यायचा. आई म्हणायची, थोरलीचे हात आणि धाकटीचे डोळे, दोघी मिळून एक धड फोटोग्राफर. ती गेल्यापासून तू या घराची पायरी चढली नाहीस. तिची रिकामी खुर्ची तुला बघवत नाही, हे मला कळतं. म्हणून मी कधी ये म्हटलं नाही.

आज म्हणते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आतला पडदा झिजलाय, गेलेले रंग परत येणार नाहीत. तपकिरी कुठे संपतो आणि जांभळा कुठे सुरू होतो, ते मला दिसत नाही. मी फार थकले गं. स्टुडिओ बंद करतेय, पण शेवटचा फोटो आईचाच करायचाय. कागद तयार आहे. खुर्ची जागची हलवलेली नाही, खोटं कशाला सांगू. तरी ये. माझ्या शेजारी उभी राहा आणि वेळ झाली की ‘आता’ म्हण. या खेपेला मी रागावणार नाही.

तुझीच,
नुसते हात उरलेली ताई