सिंगल न्हाय, लग्न झालंय

कोल्हापूर,
मंगळवार, १८ जानेवारी २००५

ती. अव्वांना विद्याचे शरणु शरणार्थी.

गुडघे कसे आहेत? तेल संपत आलं असेल तर कळवा, रविवारी येताना आणते. जरीनाभाभी, तुम्हालाही नमस्कार. शेजारधर्म म्हणून अव्वांना माझी पत्रं वाचून दाखवता, पण खरं सांगा, भाऊजींच्या आरामखुर्चीशेजारी उभं राहून मोठमोठ्यानं वाचताना तुमचा घसा बसत नाही का? फोनवर अव्वांना ऐकू येत नाही, मला ओरडून बोलायला येत नाही. त्यामुळे हा त्रास तुमच्या वाट्याला.

मी खुशाल आहे. हाडं सगळी जागेवर, दातही पूर्ण, नाकाचं साल तेवढं उन्हानं गेलंय. हे आधीच सांगते, कारण शर्यतीच्या आदल्या दिवशी थोरल्या भाऊजींनी फोनवर माझ्या हाडांची फार काळजी केली होती.

अव्वा, शिरोळच्या पाहुण्यांना काय कळवायचं, हे तुम्ही दिवाळीत विचारलंत आणि अजून वाट बघताय. मी विसरलेले नाही. पण आधी शर्यतीचं ऐका.

कळंबा तलावापासून गारगोटी, तिथून डोंगरातल्या कच्च्या वाटेनं राधानगरी, आणि मग जंगलातून चढत दाजीपूर. शंभरेक किलोमीटर. पुण्यामुंबईहून पोरंपोरी आली होती. एकेकाच्या सायकलीला वीस-पंचवीस गियर. गियर म्हणजे काय, तर चढ लागला की हँडलजवळची कळ दाबायची, पायावरचा भार हलका होतो. माझी सायकल तुम्ही बघितलीच आहे. जाड टायर, आडवं हँडल, गियर नाही. चढ असो, उतार असो, तिचं म्हणणं एकच.

शिरोलीच्या फौंड्रीत रोज जाते-येते ती हीच. दिवसभर ड्रॉइंग ऑफिसात बसून लोखंडी सुट्या भागांची चित्रं काढायची, त्यात अंग हलतं ते एवढंच. एकदा परत येताना पुलाच्या चढावर एका मोटरसायकलवाल्याला मागं टाकलं (त्याचं पेट्रोल संपलं होतं, तो ढकलत होता, पण ते जाऊ द्या) आणि मनात आलं, आपण लांब कुठंतरी जाऊन बघावं.

सायकल दुरुस्तीवाल्या मीरासाबांकडे ती तयार करायला नेली. त्यांनी तिच्याभोवती फेरी मारली.

"वैनी, गियर बसवू काय?"

"नको. मला सवय नाही त्याची."

"मग ऱ्हाऊ दे. ह्या सायकलीला एकच गियर हाय, आन त्यो म्हंजी तुमचा हट्ट."

मागचं दातेरी चक्र त्यांनी मोठं बसवून दिलं. म्हणाले, "आता चढाला हलकी जाईल. सपाटीला मातुर पाय असे फिरतील, की लोक म्हणतील बाई शिलाई मशीन चालवाय लागलीया."

लोक तसंच म्हणाले. कळंब्याहून निघाल्यावर पहिल्याच सपाट रस्त्यावर एका म्हातारबांनी विचारलं, "काय शिवतीस ग, बाई?"

पण त्याआधी एक घोटाळा झाला होता. तलावाकाठी मांडवात नाव सांगायचं आणि पाठीला लावायचा नंबर घ्यायचा. माइकवर एक पोरगा होता. एका हातात वडा, दुसऱ्या हातात पेन, मागं कर्ण्यावर गाणी.

"नाव?"

"विद्याश्री."

"सिंगल?"

मी म्हटलं, "न्हाय, लग्न झालंय."

त्यानं मान वर न करता लाल नंबर दिला. माझ्या मागच्या दोघी फिस्सकन हसल्या. मला वाटलं, माझ्या डोक्यावरच्या टोपीला हसल्या असतील. ती टोपी खरंच उलट्या ठेवलेल्या पातेल्यासारखी दिसते.

गारगोटीत केळी वाटणाऱ्या माणसानं मला थांबवलं.

"पावणं, लाल नंबर? लाल म्हंजी गियरवाली मंडळी. तुमच्या सायकलीला गियर कुठाय?"

"नाही."

"मग सिंगल म्हणून सांगितलं न्हाईसा व्हय? बिनगियरची ती सिंगल. त्यांचा नंबर निळा."

अव्वा, तिथंच बांधावर बसले आणि इतकी हसले की केळं घशात अडकलं. केळीवाल्यानं पाठीत धपाटा घातला, तेव्हा ते खाली गेलं. पण हसून झाल्यावर कळलं, की हसण्यासारखं एवढंच नाही. गियरवाल्यांना चारच्या आत दाजीपूर गाठायचं होतं, सिंगलवाल्यांना तासभर जास्त मुभा होती. चार वाजून गेले की मी बाद. नंबर बदलायला कळंब्याला परत कोण जाणार? निघाले तशीच.

तुम्ही दिलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागच्या खिशात घेतली होती. राधानगरीपर्यंतच्या खडबडीत वाटेनं भाकरीचा पार भुगा झाला. तो चटणीत मिसळून बकाणे भरत गेले. बाकीच्यांकडे चांदीच्या कागदातल्या परदेशी वड्या होत्या. माझा भुगा बघून एकीनं विचारलं, ही कुठली पावडर आहे, कुठं मिळते. कुरुंदवाडला, आमच्या अव्वांकडं, म्हटलं.

मी पोहोचले. कपही मिळाला, जाऊबाईंच्या शोकेसमध्ये ठेवायला आणीन.

जरीनाभाभी, इथवर मोठ्यानं वाचलंत ना? आता सगळ्यांना सांगा, पत्र संपलं. पुढचं फक्त अव्वांसाठी. कानात वाचा म्हटलं तर त्यांना ऐकू जाणार नाही, आणि ऐकू जाईल असं वाचलं तर गल्लीला कळेल. म्हणून संध्याकाळी त्यांना नदीच्या घाटावर फिरायला न्या आणि तिथं वाचा. तुम्हाला कळलं तर चालेल. तुम्ही घरच्याच.

अव्वा, बसलात का नीट? पायरीवर पदर टाकून बसा, दगड गार असतो.

दाजीपूरच्या जंगलातला शेवटचा चढ. लाल माती, दोन्हीकडं झाडी, आणि मी इतकी हळू, की एक फुलपाखरू माझ्याभोवती दोनदा फिरून पुढं गेलं. वळणावर मोटरसायकल लावून एक गृहस्थ उभे होते. चष्मा, पांढरा सदरा, पायात शेतातल्या चपला. मी जवळ आले तसे ते माझ्या बाजूनं चालायला लागले. ते पायी, मी सायकलवर, आणि दोघांचा वेग अगदी एक.

"मी शिरोळचा शिवशरण," ते म्हणाले. "अव्वांनी सांगितलं शर्यतीचं. ह्यो बघायचा कार्यक्रम न्हाय हां. न्हायतर तुम्ही म्हणशीला, पोहं न खाताच पोरगी बघून गेला."

अव्वा, तुम्ही मला न सांगता त्यांना सांगितलंत! मी त्या वेळी कशी होते ते ऐका. नाकावर माती, तोंड उघडं, डोक्यावर पातेलं, आणि हनुवटीला शेंगदाण्याची चटणी. तुमच्या वेळी निदान पदर सावरायला सवड मिळायची.

"दमलासा की," ते म्हणाले. "उतरून चालत का न्हाईसा?"

"उतरले तर परत चढता येणार नाही."

"मग ढकलू काय मागनं?"

"हात लावला तर बाद करतात."

"अस्सं? मग न्हाय लावत." त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. "नुसतं चाललं तर चालतंय न्हवं?"

चालले की हो ते. चढ संपेपर्यंत. उसाचं सांगितलं, ट्रॅक्टरचं सांगितलं, त्यांची बायको गेली तिच्या आजारपणाचं थोडंसं सांगितलं. मला बोलायला दम नव्हता, याचं त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. एकदा माझं चाक मातीत रुतलं आणि सायकल कलली. त्यांचा हात पुढं आला आणि बोटभर अंतरावर थांबला. मी सावरले. त्यांनी हात परत पाठीमागं नेला आणि म्हणाले, "लावला न्हाय हां."

तो थांबलेला हात मला फार आवडला, अव्वा. आमचे हे गेल्यापासून ज्याला त्याला मला सावरायचंच असतं.

माथा आला. म्हणाले, "आता उतार. आता मी काय तुमच्या संगं यीत न्हाय," आणि मोटरसायकल आणायला मागं गेले.

चारला थोडं कमी असताना मी पोहोचले. गियरवाल्या बायकांत शेवटून दुसरी. माझ्या मागं होती तिची साखळी तुटली होती. वडेवाला पोरगा माइक घेऊन तिथंही हजर. त्यानं माझी सायकल बघितली, माझा नंबर बघितला, आणि कपाळावर हात मारला.

"काकी, ही तर सिंगल! सिंगलच्या बायकांत असता तर पयला नंबर व्हता तुमचा."

"दुसरी कितवी आली?"

"दुसरी कोण न्हवतीच. एकट्याच व्हता तुम्ही."

सगळे हसले, मीही हसले. मग त्यानं माइक माझ्यासमोर धरला. "बदलून टाकू काय? सांगा की. सिंगल?"

शिवशरण तोवर गर्दीत येऊन उभे राहिले होते.

अव्वा, चढावर एकीकडं त्यांचं बोलणं ऐकत होते आणि एकीकडं मनात एकच चाललं होतं. आमचे हे जाऊन सात वर्षं झाली. मग सकाळी त्या पोरानं विचारल्यावर तोंडातून पटकन 'लग्न झालंय' का आलं? मी यांचा चेहरा आठवायला गेले. नीट आठवेना. फोटोतला आठवला, हसतानाचा नाही. वाईट वाटलं, पण खोटं लिहीत नाही. डोळ्यांसमोर सारखं येत होतं ते तुमचं चुलीपुढचं बसणं. रविवारी मी आले की 'आलीस ग, यव्वा' म्हणून आधी पाण्याचा तांब्या पुढं करणं. तुमच्या केसांना तेल लावताना तुमचं डुलक्या घेणं. माझं लग्न झालंय, अजून चालू आहे, ते तुमच्याशी. त्या पोराला हे कसं सांगणार?

आणि दिवाळीपासून उत्तर अडलंय ते यामुळेच. तुम्हाला वाटलं मी वीरेशसाठी थांबलेय. (नाव लिहिलं, रागावू नका.) मला भीती होती ती वेगळी. दुसऱ्या घरची झाले तर कुरुंदवाडच्या दारात मी कोण म्हणून उभी राहू? सून म्हणून येता यायचं नाही. पाहुणी म्हणून आले आणि तुम्ही मला पाटावर बसवून चहा दिलात, तर तो माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

एवढं सगळं माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "लिवा. सिंगल."

कर्ण्यातून ते सगळ्या दाजीपुरात ऐकू गेलं. जंगलातल्या गव्यांनाही कळलं असेल. गेली सात वर्षं मी तो शब्द टाळत होते, आणि तो एवढासा निघाला. लोक टाळ्या वाजवत होते. शिवशरण मात्र चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. नंतर जवळ येऊन म्हणाले, "खायाला काय शिल्लक हाय काय? सकाळधरनं उपाशी हाय."

"भाकरीचा भुगा आहे."

"चालतंय की."

उभ्याउभ्या दोघांनी तो संपवला. तुमच्या हाताची चटणी त्यांना झोंबली, डोळ्यांत पाणी आलं, तरी अजून मागितली.

तर उत्तर असं. त्यांना होय कळवा. पण माझ्या दोन गोष्टी आहेत. फौंड्रीतलं काम मी सोडणार नाही, हे मी त्यांना तिथंच सांगितलंय. ते म्हणाले, "सोडा म्हणून कोण म्हणतंय?" ती गोष्ट मिटली.

दुसरी तुमच्याशी आहे. आपल्याकडं विधवेचं दुसरं लग्न उडकी म्हणून दिवेलागणीला, चार माणसांत, गुपचूप उरकतात. मला तसं नको. माझे आईवडील नाहीत, म्हणून मी तुमच्या उंबऱ्यातून निघणार, दिवसाढवळ्या. आणि माझी ओटी तुम्ही भरायची. हे वाचून तुम्ही म्हणाल, मी रांडमुंड बाई, माझ्या हातानं ओटी कशी भरू, कुणी सवाष्ण बोलाव. भाऊजी तर जेवणावरून उठतील. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, तुमचा लेक आहे. मला सवाष्ण नको. नारळ, खण आणि तांदूळ तुमच्या ओंजळीतून पडले तर मी जाईन. नाही पडले तर शिरोळला नाही म्हणून कळवा. मग आहे ते ठीक आहे, मी काही रडत बसणार नाही. माझी सायकल आहे, रविवार आहे, तुम्ही आहात.

सोमवारी सकाळी पाय इतके धरले होते की जिना बसत बसत उतरले, आणि तशाही अवस्थेत हसत होते. खालच्या बिऱ्हाडातली झुंबरबाई म्हणाली, "बाईला येड लागलं." लागलं असेल.

घाटावर आता गार वारं सुटलं असेल. जरीनाभाभी, अव्वांना हात धरून उठवा, आणि वाटेत उत्तरासाठी घाई करू नका. बोलायला त्यांना वेळ लागतो. मी रविवारी येतेच आहे.

सगळ्या पत्रांखाली 'आपली सून' लिहीत आले. आज ते लिहवत नाही, आणि दुसरं काही आपलं आपण लिहून घ्यायची हिंमत होत नाही. तो शब्द तुम्ही द्यायचा आहे, अव्वा. तोवर नुसतीच,

तुमची
विद्या