जाळी नसलेलं हेल्मेट

कोच, तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली. इथं कॅनडात, सस्काटूनच्या पिठाच्या गिरणीत तुम्ही माझे फोरमन होतात, पण सगळे तुम्हाला कोचच म्हणायचे, कारण हेल्मेटला तोंडापुढे जाळीसुद्धा नसायची त्या काळात तुम्ही पगारी फुटबॉल, म्हणजे इथला चेंडू हातात घेऊन एकमेकांना धडका मारायचा, खेळला आणि पुढे पोरांना शिकवला होतात. पगारी कसला! आठवडाभर पोती उचलायची आणि शनिवारी माणसं आडवी करायची. जेवणाच्या सुट्टीत मी पोळीभाजी खात असायचो आणि तुम्ही सांगत असायचात. नाक चार वेळा फुटलं, कापूस कोंबून परत मैदानात. एकाच्या बरगड्यांत खांदा असा घातला की आतून काडकन आवाज आला. "ब्युटिफुल साउंड," तुम्ही म्हणायचात. आणि मी, ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाची कॉलर धरली नव्हती, घास हातात तसाच धरून विचारायचो, "मग?"

मग तो दिवस. तुम्ही डबा उघडताय, बोटं वळत नाहीत, मी झाकण काढून देतो, एवढंच. तुमची मूठ येते. माझा ओठ फाटतो, मी खुर्चीसकट मागे कोसळतो, तुम्ही छातीवर बसून मारत सुटता, तिघं मिळून तुम्हाला ओढून काढतात. दहा मिनिटांनी तुम्हीच रुमालात बर्फ घेऊन आलात. "हू डिड धिस टू यू, सन? नाव सांग, सोडत नाही त्याला." चेष्टा नव्हती ती. मी म्हणालो, घसरून पडलो. राग नाही आला हो, भीती वाटली. पुढे तुम्ही बायकोलाही ओळखेनासे झालात, तेव्हा तिनं माझा हात धरून सांगितलं, डोक्याला बसलेल्या धडकांनीच हे झालं, तुला मुलगा झाला तर त्याला या खेळात घालू नकोस. मी हो म्हणालो.

घातला. सोळा वर्षांचा आहे, तुमच्यासारखाच आडदांड. परवा त्यानं एका पोराला असं उडवलं की ते उठेचना, आणि मी बाकावर चढून ओरडत होतो, "हाण! अजून हाण त्याला!" बायको माझ्याकडे बघतच राहिली. नंतर त्याचंच डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आदळलं. गाडीत त्यानं तीनदा विचारलं, "बाबा, डिड वी विन?" तीनदा सांगितलं, हो रे.

आज त्याच्या शाळेतल्या कोचचा फोन आला. डोक्याला काही लागलंय का, काही विसरतोय का? शनिवारी फायनल आहे. बायको बाहेर फावड्यानं दारातला स्नो काढत होती, तिला ऐकू जाणार नव्हतं. मी म्हणालो, "नो, नो, ही इज फाइन."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. मला तो काडकन आवाज ऐकायचाय, कोच.