जळालेल्या मोटारींची मोजणी

उस्ताद, तुम्हाला जाऊन आता एकवीस वर्षं झाली. अकोल्यातल्या तुमच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आहे. मी इथं अमरावतीत मोटार रिवायंडिंगच करतो, पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. तुमच्याकडे मी दोनच वर्षं होतो. बाकी सगळं, म्हणजे स्टार्टर, पॅनल, आताचे ड्राइव्ह, मी पुस्तकं उघडून आणि पदरचा माल जाळून शिकलो. दहावीत गणित राहिलेल्या माणसाकडे आज इंजिनिअर लोक पॅनल दाखवायला आणतात, हे मी गिऱ्हाइकांना आवर्जून ऐकवतो. कोणाजवळ शिकले असं कोणी विचारलं, तर 'कोनाजवळच नाही' म्हणतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

माझी मुलगी यंदा बारावी झाली. पुण्याच्या एका कॉलेजात सॉफ्टवेअरच्या डिग्रीला तिचा नंबर लागला. चार वर्षांची फी, होस्टेल, मेस धरून चौदा लाख. माझ्याजवळ दोन होते. बाराचं शैक्षणिक कर्ज, आणि त्यावर सहकर्जदार म्हणून बापाची सही. मी पट्टी घेऊन कागदावर रकाने आखले. शिकतानाचं व्याज मुदलात चढलं की सोळा लाख, दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता एकवीस हजार सहाशे. दुसऱ्या बाजूला पगार. तो अंदाजानं लिहिणं मला जमत नाही, म्हणून ही डिग्री घेतलेली तीन पोरं मी शोधून काढली. एक अकोल्यात शिकवणी घेतो, एक इथंच ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या दुकानात बसतो, आणि तिसरा बाळापूरला बापाच्या खत-बियाण्याच्या दुकानात. तिघांनाही पुण्यात पंचवीस हजारांच्या आसपास मिळाले होते. त्यातून खोली, डबा, बस असे बारा गेले की उरतात तेरा. बाळापूरवाला हसला. म्हणाला, "काका, डिग्री भिंतीवर आहे. हप्ता बाबा भरून राह्यले."

तो कागद मी मुलीसमोर ठेवला. तिनं बेरीज तपासली, माझ्यासारखीच, बोट एकेका आकड्यावर ठेवून. "आकडे बरोबर आहेत, बाबा. पण हे तिघंही परत आलेले आहेत. जे तिकडं टिकले, ते तुम्हाला इथं कसे भेटतील?"

"मंग त्यायचे आकडे आण."

तिनं दुसऱ्या दिवशी दोन आणले, तिच्या शाळेतल्या दोन ताईंचे. एकीला पंचेचाळीस हजार, दुसरीला तीन वर्षांनंतर साठ. मी ते लिहून घेतले नाहीत. "फोनवर कोनी काहीबी सांगते," म्हणालो. तिनं माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

तेव्हापासून तुमच्या दुकानातली ती मोटार आठवते आहे. तीन एचपीची, चोवीस खाचांची. तुम्ही बाहेर गेलेले आहात, आणि मी जळालेली कॉइल कापून तारेचा एकेक वेढा मोजतो आहे. अडतीस. दुसरीही अडतीस. तिसरीही. तारेची जाडी मायक्रोमीटरनं घेतो. अगदी तशीच नवी भरून देतो, आणि तुम्ही आल्यावर तुमच्यासमोर छाती काढून उभा राहतो. आठव्या दिवशी ती परत आली. जळक्या वॉर्निशचा वास तिच्याआधी दुकानात शिरला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. जेवणाचा डबा बाजूला सारून विचारलंत, "मोजलं किती?"

"अडतीस."

"मोजलं बरोबर. पन तुह्याआधी कोनं भरली होती, ते पाह्यलं?"

कंपनीचे वेढे चव्वेचाळीस होते. मधल्या कोण्या मिस्त्रीनं तांबं वाचवायला सहा मारले होते, म्हणूनच ती पहिल्यांदा जळाली होती. "तुवं जळेल मोटारीले मास्तर केलं, राजा," तुम्ही म्हणालात. "चालू मोटार कोनी खोलून पाह्यते काय? तिचे टर्न कोनाले समजतीन?" संध्याकाळी शटर ओढताना तुम्ही तुमची वही माझ्या हातात दिली, कंपनीवार वेढे आणि तारेचे गेज लिहिलेली. ती मी दुकानात कोणाला दिसू देत नाही. हे पत्र तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे.

प्रवेशाची तारीख गेली. मुलगी आता इथंच बीएस्सीला जाते, दुपारी दुकानात बसून बिलं टाइप करते. भांडत नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. परवा मी विचारलं, "राग आला का माझा?" "नाही," म्हणाली, आणि एका बिलात मी तारेचं वजन चुकीचं लिहिलेलं दाखवलं. चूक माझीच होती.

ही पानं फाडून कुठं पाठवायची नाहीत. ती वहीतच राहतील. एकच गोष्ट सांगायची राहिली. तो हिशोब मी मांडला बँकेतून परत आल्यावर. आधी नाही. बँकेत मी सही करायलाच गेलो होतो, पासबुक, रिटर्न, फोटो, सगळं क्रमानं लावून. अर्ज तिथंच भरला, काळ्या पेनानं, एकही खाडाखोड न करता. काउंटरवरच्या पोरीनं तो उलटसुलट पाहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचं शिक्षण लिहायचं राह्यलं." मागे रांगेत माझी दोन गिऱ्हाइकं उभी होती. दुकानात मिरवतो ते नापास गणित तिथं त्यांच्यासमोर लिहवेना. मी म्हणालो, घरून लिहून आणतो.

तो अर्ज याच वहीत आहे. एक रकाना सोडून पूर्ण भरलेला.