श्वास कुठे घेतेस

प्रिय शेंडेफळा,

पत्र हातात पडल्यावर तू दचकली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही, मी बरी आहे आणि माझी नोकरीही शाबूत आहे. कागदावर लिहिते आहे कारण आपल्या घरात तुझा फोन तुझ्या एकटीचा नाही. मी बोलून पाठवलेला प्रत्येक निरोप आई भाजी निवडता निवडता स्पीकरवर ऐकते, आणि लिहून पाठवलं की तू 'हो गं', 'बघू गं' करून मला वाटेला लावतेस. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात पाठवते आहे. तुझ्या शिट्ट्या आणि पोरांचे ओले टॉवेल जरा बाजूला सार, सावलीतली खुर्ची बघ आणि बसून वाच. सरळ मुद्द्यावर येते. मला तुझा संशय आहे. तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस, आणि काय लपवते आहेस ते मला कळलंय अशी भीती वाटते. माझं चुकलेलं असावं असं मनापासून वाटतं, पण आधी सगळं ऐकून घे.

मी संशयी आहे हे तुला नवीन नाही. पण मी जन्मापासून अशी नव्हते, ल्युपस झाल्यापासून झाले. या आजारात शरीरातल्या ज्या शिपायांनी बाहेरच्या रोगाशी लढायचं, तेच आपल्या सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर उठतात. कुंपणच शेत खायला लागल्यावर माणसाने विश्वास ठेवायचा कोणावर? गुडघा दुखला तर तो जिन्यामुळे की आजाराने डोकं वर काढल्यामुळे, दमले तर कामाने की आतल्या भानगडीने, सगळ्याची चौकशी बसते. मग हीच सवय माणसांच्या बाबतीतही लागते. परवाचीच गंमत सांगते. आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मालकीणबाईंनी माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीला अचानक जाड पडदा लावला. ऊन लागलं की माझा आजार बळावतो, पण मी ऑफिसात त्याबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता. माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं: यांना कळलंय, आज पडदा लावला, उद्या म्हणतील घरूनच काम कर, परवा म्हणतील घरीच राहा. मी आठवडाभर तोंड फुगवून बसले आणि शेवटी न राहवून विचारलंच. बाई म्हणाल्या, "अगं, दुपारचं ऊन स्क्रीनवर येतं, मला मेलीला काही दिसत नाही. तुला काय वाटलं?" साप साप म्हणून भुई धोपटली, दुसरं काय! पण त्या भरात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "कामाच्या धावपळीच्या दिवसांत तुला काय काय लागेल ते सांग." आता दुपारी जेवल्यावर मी मागच्या खोलीतल्या कोचावर आडवी होते आणि कोणीही मला आळशी म्हणत नाही.

हे सांगितलं ते अशासाठी की माझा संशय दर वेळी खरा ठरतो असा माझा दावा नाही. तुझ्या बाबतीतही मी आधी चुकीच्याच वाटेने गेले होते. गेले काही महिने तू मला भलते प्रश्न विचारते आहेस. तुझं सुरुवातीला नेमकं काय दुखायचं? बोटं सकाळीच आखडायची की दिवसभर? तोंडात फोड आले होते का? पहिली तपासणी कुठली केली? मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. आईला मी इथे एकटी राहते हे अजून पचलेलं नाही. प्रत्येक फोनला 'इथे काय कमी आहे तुला' हे पालुपद असतंच. तेव्हा मी ठरवून टाकलं की आईने तुला माझ्यावर हेर नेमलंय, मी कुठे कमी पडते ते हुडकून मला घरी परत न्यायचा हा डाव आहे. म्हणून मी तुला तुटक उत्तरं देत राहिले. आईने मागे लावलेला हेर म्हणून मी एका सुतारावरही संशय घेतला होता, म्हणजे बघ. आमच्या स्टुडिओच्या भिंतींना आवाज शोषणाऱ्या फळ्या बसवायला तो येतो. एकदा जिन्यात त्याने न विचारता माझी जड पिशवी उचलली. मी तिथेच उभी राहून विचारलं, "तुम्हाला आईने सांगितलंय का?" तो गोंधळून म्हणाला, "कोणाच्या आईने?" या सुताराबद्दल आईला अजून काही बोलू नकोस. ऊन उतरलं की आम्ही कधी कधी फिरायला जातो. तो दर वेळी इतकंच विचारतो, आज चालायचं की नुसतं बसायचं, आणि मी जे म्हणेन ते त्याला चालतं.

मी नीट जगते आहे, शेंडेफळा. हे आईला पटत नाही आणि तुलाही मी कधी धड सांगितलं नाही. सकाळी न्याहारीबरोबर गोळी, ढगाळ हवेतसुद्धा तोंडाला आणि हातांना उन्हाचं मलम, डोक्यावर अशी टोपी की बसचा कंडक्टर मला 'मॅडम, शूटिंगला का?' असं विचारतो. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यायचे, कारण गोळीचा डोळ्यांवर परिणाम तर होत नाही ना ते बघावं लागतं. अधूनमधून रक्त आणि लघवी तपासायची. सकाळी बोटं उघडेपर्यंत कोमट पाण्यात धरायची आणि तेवढ्यात रेडिओ ऐकायचा. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवायचं की मी येईन असं म्हटलं तरी ऐन वेळी न येण्याचा हक्क माझ्याकडे राखीव आहे. ज्या रुसल्या त्या रुसल्या, ज्या उरल्या त्या सोन्यासारख्या आहेत. वाईट दिवस येतात, नाही असं नाही. मागच्या हिवाळ्यात औषध वाढवावं लागलं तेव्हा तोंड एवढं सुजलं की आरशातल्या बाईला मी ओळख विचारली असती. पण मी कामावर जाते, भांडते, हसते, माझ्या खोलीचं भाडं माझं मी भरते. मला माझं आयुष्य आवडतं.

आता तुझ्याकडे वळते. हेराची माझी कल्पना कोसळली ती आईच्याच एका वाक्याने. मला ल्युपस आहे हे कळल्यावर आईने सगळ्या नातेवाइकांत काय सांगितलं होतं, आठवतं ना? 'तिला उष्णता झालीय.' लग्न जमायच्या वयाची मुलगी, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून बिचारीने तो शब्द पुढे केला. मावशीला उष्णता, काकूला उष्णता, शेजारच्यांना उष्णता. सगळ्यांनी थंडाव्याचे उपाय सुचवले आणि आपण दोघी उशीत तोंड खुपसून हसलो. तर मागच्या रविवारी आई फोनवर सहज म्हणाली, "शेंडेफळालाही यंदा उष्णता झालीय बघ. गाल कसे लाल लाल दिसतात. दिवसभर उन्हात उभी असते ना." माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला. माझेही गाल सुरुवातीला असेच लाल झाले होते. आईला संशयही आला नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगता सांगता तो शब्द तिला स्वतःलाच खरा वाटायला लागलाय. मला तिचा राग आला आणि लगेच रडूही आलं.

त्यानंतर मी जे केलं ते तुला आवडणार नाही. तुझे जुने-नवे सगळे निरोप स्टुडिओतले मोठे हेडफोन लावून ऐकले. माझं काम तुला ठाऊक आहे. लोक पुस्तकं वाचून दाखवतात, ती ऐकायची पुस्तकं होण्याआधी मी त्यांच्यातली जिभेची टकटक, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुरगुर काढून टाकते. श्वास मात्र सगळे काढायचे नसतात. ते काढले की वाचणारा माणूस जिवंत वाटत नाही. फक्त श्वास योग्य जागी हवा, जिथे वाक्य स्वतःहून थांबतं तिथे. तो मध्येच कुठेतरी आला की आम्ही रेकॉर्डिंग थांबवतो, वाचणाऱ्याला पाणी देतो आणि विचारतो, बरं वाटत नाहीये का? गेल्या वर्षीपर्यंत तू तलावावरची अख्खी भानगड, कोण कोणाच्या अंगावर पडलं, कोणाची चड्डी सुटली, एका दमात सांगायचीस. पोहणाऱ्या पोरीची छाती, तुला काय कमी! आता तू 'ताई, आज ना मुलांनी' म्हणतेस आणि थांबतेस. 'मला पाण्यात' म्हणतेस आणि परत थांबतेस. प्रत्येक वेळी छोटा, वरच्यावर घेतलेला श्वास, जरा खोल गेला की कापल्यासारखा तुटणारा. हसायला लागतेस आणि हसणं अर्ध्यात सोडतेस. बरगडीखाली ते जे टोचतं ना, ते मी ओळखते. आजार सुरू झाला तेव्हा मीही असाच श्वास घ्यायचे, चहा फार गरम असला की घोट घेतात तसा.

एकदा कान टवकारल्यावर बाकीचंही ऐकू आलं. तुझे निरोप पूर्वी सकाळी उठल्या उठल्या यायचे, आता दुपारशिवाय येत नाहीत. एका निरोपात मागून आईचा आवाज येतो, "सोड, बरणी मी उघडते, तुझ्या हातात जीवच नाही." तू सकाळची तुकडी सोडून संध्याकाळची घेतलीस आणि मला कारण दिलंस की तेव्हा गर्दी कमी असते. अगं, संध्याकाळी अख्खं गाव पाण्यात असतं, हे तूच मला सांगितलं होतंस! थाप मारायची तर निदान माझ्यासारखी तरी मारावी. फोटोत लांब बाह्या, टोपी पार नाकापर्यंत ओढलेली. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण ही ताई तुझ्याआधी त्या वाटेने जाऊन आलेली आहे.

मी माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुझं नाव न सांगता. त्या म्हणाल्या, बहिणीला होतोच असं मुळीच नाही, पण शक्यता थोडी जास्त असते, आणि अशी लक्षणं असतील तर घरी बसून अंदाज बांधू नये, तपासावं. लवकर कळलं तर आतल्या अवयवांना धक्का लागण्याआधी आवरता येतो. छातीत टोचतंय म्हटल्यावर त्यांनी उशीर करू नका असंही दोनदा सांगितलं. तू का लपवते आहेस तेही मला माहीत आहे. तुला वाटतं, कळलं की तलाव सुटणार, आई तुला पडद्याआड बसवणार. मी खोटी आशा दाखवणार नाही, भर उन्हात काठावर उभं राहणं बंद होईल. पण पोहणं म्हणजे ऊन नाही. छपराखालचे तलाव असतात, लांब बाह्यांचे पोहायचे कपडे असतात, आणि डॉक्टरीणबाई तर मलाच पाण्यात उतर म्हणून मागे लागल्या आहेत. माझ्या वेळी आईला आवरलं तसं आताही आवरेन. आणि तपासणीत काहीच निघालं नाही, नुसता साधा खोकलाबिकला निघाला, तर जन्मभर मला चिडव, मी पेढ्यासारखं गोड मानून घेईन.

तुझा परवाचा निरोप मात्र अजून तसाच आहे, मी त्याला उत्तर दिलेलं नाही. मागे आईची चाहूल नव्हती, तू घरात एकटी असणार. तू विचारलंस, "ताई, तुला कळलं तेव्हा तू तिथे एकटीच होतीस ना? भीती वाटली होती का गं?" त्या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र लिहिलं आहे. हो, वाटली होती, फार वाटली होती. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी किती वाजले म्हणून विचारलं, माझ्या मनगटावर घड्याळ असताना, नुसतं कोणीतरी माझ्याशी बोलावं म्हणून. ती बाई वेळ सांगून उठून गेली. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे, घरी न जाता सरळ तलावावर, आणि तिथून आपण दोघी दवाखान्यात जाणार आहोत. नंबर लावून झाला आहे. या वेळी बाकावर तुझ्या शेजारी मी असेन. हव्या तितक्या वेळा वेळ विचार मला.

तुझीच,
नको तिथे कान लावणारी ताई