पाठ टेकली तरी

३ नोव्हेंबर १९९८, जळोची
आज पडले! या वयात, स्वतःच्याच पडवीत, ताडपत्रीवर! खाली भुशाची पोती होती म्हणून निभावलं. हसून हसून पोट मात्र दुखलं.

माझा मुलगा ऋषिराज ब्राझीलच्या साखर कारखान्यात इंजिनिअर होता. येताना तिकडची जुजुत्सू नावाची कुस्ती शिकून आला. कळस गावची योगिनी कॉलेजसाठी आमच्याकडे राहते, तिला तो ती शिकवतो. तिचे आजोबा तात्याबा जुने पैलवान. त्यांची अट – "पोरांसंगं झोंबायचं न्हाय." मग जोडीला बाई हवी. उरले मी!

६ नोव्हेंबर
जुजुत्सूसाठी दोन जाकिटं शिवली. जाड कापड, गळपट्टीला दुहेरी शिवण – तीच धरून गळा आवळतात म्हणे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मार्था आमची शिवण ओढून बघायच्या. उसवली की पुन्हा! किती रडायचे मी तेव्हा.

११ नोव्हेंबर
जाकिटं रविवारसाठी राखून ठेवलीत. नुसत्या कुडत्यावरही पोरगी मला चुटकीसरशी लोळवते. पण चुकून तिची पाठ टेकली, की अंग सैल सोडून उठते. हात मिळवते. "हारले की, मावशी."
ऋषिराज डोक्याला हात लावतो. "अगं, जुजुत्सू इथून तर सुरू होतं!"
तिला पटत नाही. आजोबांनी लहानपणापासून एकच शिकवलंय – पाठ लागली, कुस्ती गेली.

१८ नोव्हेंबर
तात्याबा रविवारी बघायला येणार. नाही पटलं तर योगिनी कळसला परत, कॉलेजही बंद. हे गेल्यापासून या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. जाऊ नये पोरीनं.

२२ नोव्हेंबर
आज पहिल्यांदा जाकिटं घातली. तात्याबा खुर्चीत, काठी गुडघ्यांत. मी रेटलं आणि योगिनीची पाठ टेकली!
तात्याबा उठलेच. "चीत! झालं. चल गं, बोचकं बांध."
ती उठली नाही. पाय माझ्या कमरेला, दोन्ही मुठी माझ्या गळपट्टीत. आवळली! मनात म्हटलं, आता तरी उसव गं! कुठली उसवतेय माझी शिवण. शेवटी ताडपत्रीवर थाप मारली – म्हणजे हार कबूल.
"पाठ लागल्यावर जितलीस व्हय?" तात्याबा एवढंच बोलले. चहालाही थांबले नाहीत.

२३ नोव्हेंबर
कळसहून निरोप नाही. योगिनीनं बोचकं बांधून ठेवलंय. मी सोडलं. तिनं पुन्हा बांधलं.

२४ नोव्हेंबर
पहिल्या एसटीनं तात्याबा आले. फेटा काढून माझ्या हातात दिला. आणि जन्मात कुणाला पाठ लावू न दिलेला तो माणूस ताडपत्रीवर चक्क उताणा झोपला.
"हं. आता हितनं काय करायचं, सांग गं पोरी."