धनेशशेठचा लाल शिक्का

३ नोव्हेंबर २०२५

आले एकदाची पनवेलला. मिरजेहून निघताना आईने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, परक्या घरात राहतेस, तोंड आवरून राहा. पण तोंड उघडायला जागाच मिळाली नाही, कारण या घरात बोलतात ते धनेशशेठ. त्यांच्या आजोबांची मिठागरं होती, आता कोन गावात त्यांचा कारखाना आणि कारखान्यामागे हा बंगला. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं चालूनही न गंजणारा पंप त्यांनी स्वतः घडवलाय. लहानपणी मिठागरात सडलेले पंप उपसून उपसून डोकं तापलं, त्यातून हा सुचला म्हणे.

माझं काम सोपं आहे. मी चिनी भाषा शिकलेली, आणि शेठची एका चिनी सरकारी कंपनीशी भागीदारी ठरलीय, तेव्हा दोघांमधली दुभाषी मी. राहायला वरची खोली, खिडकीतून एक्सप्रेसवे दिसतो आणि दिवसभर त्याची घरघर ऐकू येते. निशावहिनींनी, म्हणजे शेठच्या बायकोने, जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मी काटे काढत बसले तर हसून म्हणाल्या की महिनाभरात आगरीण होशील. मला इथे फार आवडलं आहे.

८ नोव्हेंबर

भागीदारीची कंपनी तिकडे, समुद्राकाठच्या एका शहरात निघाली आहे. निम्मी शेठची, निम्मी त्या सरकारी कंपनीची. आज तिकडून कळलं की कंपनीचे ‘कायदेशीर प्रतिनिधी’ धनेशशेठ असतील. हे पद म्हणजे काय, असं शेठनी विचारलं. मी सांगितलं, कंपनीचं जे काही बरंवाईट होईल ते या माणसाच्या नावावर. त्यातलं बरं तेवढं शेठनी ऐकलं.

संध्याकाळपर्यंत कोन नाक्यावर फ्लेक्स लागला. काळा गॉगल, गळ्यात साखळ्या, वर ‘हार्दिक अभिनंदन’ आणि खाली मित्रमंडळींचे फोटो. चीनचा नकाशा तेवढा उलटा छापलाय. मी चूक दाखवली तर शेठ म्हणाले की नकाशा बघायला थांबतो कोण.

१७ नोव्हेंबर

नव्या कंपनीचा शिक्का कुरिअरने आला. गोल, लाल, तळहातात मावणारा, जड. तिकडची दुभाषी शू लान माझ्याच वयाची आहे, आमची छान गट्टी जमलीय. तिने समजावलं की त्यांच्याकडे सहीला फारसं कुणी विचारत नाही, शिक्का उठला की कंपनी बोलली. आणि आता रोजच्या कामासाठी तो शिक्का तिकडच्या कचेरीत ठेवायला द्या, अशी भागीदारांची विनंती आहे.

मी हे सगळं शेठना नीट सांगितलं. पण इथे रबरी शिक्के बिस्किटांच्या डब्यात लोळत असतात. एसटी स्टँडजवळच्या दुकानात चहा होईस्तोवर नवा बनवून मिळतो, आणि शिपाईसुद्धा न विचारता उठवतो. खरी ती सही, असंच या माणसांचं आयुष्य गेलंय. शेठ म्हणाले, “शिक्काच हाय तो. हरवला त दुसरा बनवू. सई त माजीच लागल ना?”

पाहुण्याने मागितलं आणि आपण नाही म्हटलं, हे त्यांच्या रक्तात नाही. उद्घाटनाला जाताना स्वतःच घेऊन जाणार आहेत, पेढ्यांच्या डब्यासोबत.

२७ नोव्हेंबर

शेठ आज चीनला निघाले. निम्मं गाव अंगणात जमलं होतं. वहिनींनी सुकट आणि भाकऱ्या बांधून दिल्या, विमानतळावर काढून घेतील असं मी सांगूनही. आठवड्यात परत येतो म्हणाले. मला न्यायची गरज नाही, तिकडे शू लान आहेच.

५ डिसेंबर

परतीला निघालेल्या शेठना तिकडच्या विमानतळावरून मागे फिरवलं.

शू लानने कळवलं ते असं. कंपनीवर तिकडच्या कोर्टात दावा झालाय. शेठनी कधी न ऐकलेल्या ठरावांवर कंपनीचा शिक्का आहे. दावा मिटेपर्यंत कायदेशीर प्रतिनिधीला देश सोडता येत नाही. हॉटेलात राहा, फिरा, जेवा, फक्त घरी जाऊ नका. भागीदार अगदी नम्र आहेत, रोज फळांची टोपली पाठवतात. पनवेलच्या वकिलांनी कागद बघून चष्मा काढून ठेवला. सही कुठेच नाही आणि तिकडे ती लागतही नाही, एवढंच बोलले.

वहिनी मला विचारतात, आता काय होईल. मला माहीत नाही आणि मला भीती वाटते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१० डिसेंबर

शू लानचा फोन आला, परक्या नंबरवरून. ती कुजबुजत होती. म्हणाली, “शिक्का कुणाकडे आहे ते सोड. तो कशावर उठतोय त्याच्यावर लक्ष ठेव.” आणि फोन बंद.

दुपारी तिच्या कचेरीत फोन करून विचारलं. या नावाचं आमच्याकडे कधीच कुणी नव्हतं, असं सांगितलं. मी तिच्याशी महिनाभर रोज बोलत होते.

१२ डिसेंबर

कारखान्यात शेठनी घडवलेला पहिला पंप काचेत ठेवलाय. रोज त्याला हार असतो. आज त्याच्यावर गोल लाल ठसा दिसला. वहिनींना वाटलं कुणी कुंकू लावलं. पुसायला गेल्या तर बोटं लाल झाली, ठसा तसाच. ओला. त्यावरची चिनी अक्षरं मी वाचली. आपल्याच कंपनीचं नाव.

शिक्का तर तिकडे आहे. शेठनी स्वतः नेऊन दिला.

१३ डिसेंबर

काच बंद, कुलूप शाबूत, पंप नाही. त्या सरकारी कंपनीने आज नव्या पंपाची जाहिरात टाकलीय. फोटोत हाच पंप आहे, वरच्या ओरखड्यासकट. त्याच्याभोवती सुकलेला झेंडूचा हार आहे.

१६ डिसेंबर

मशीनवर ठसे. गेटवर. सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या शेठच्या निळ्या शर्टावर — पाठीवर, मधोमध. कामगार यायचे थांबले. पोलीस येऊन गेले, रंगाचा वास घेऊन बघितला आणि कुणाशी वैर आहे का म्हणून विचारलं.

१७ डिसेंबर

शर्ट दोरीवर नाही. चिमटे आहेत.

दुपारी शेठचा व्हिडिओ कॉल. अंगात निळा शर्ट. वहिनी आधी रडल्या, मग त्यांचं लक्ष गेलं. कुठून आला, असं त्यांनी विचारलं. सकाळी उठलो तेव्हा अंगातच होता, म्हणाले. फार खंगलेत. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मी आलो नाय त चालल. तुमी इकडं येव नका.” मागे कुणीतरी दार लोटलं. चित्र थांबलं. शेठचं तोंड उघडंच राहिलं पडद्यावर, कितीतरी वेळ.

२० डिसेंबर

पत्र आलं. अभिनंदनाचं. कायदेशीर प्रतिनिधी बदलला आहे. श्री. धनेश आता मोकळे आहेत, हवं तेव्हा जाऊ शकतात. नव्या प्रतिनिधी म्हणून —

माझं नाव. चिनी अक्षरांत, छान शोधून बसवलेलं. मी कुठेही सही केलेली नाही. खाली लाल ठसा.

कामावर लवकर रुजू व्हावं, असंही लिहिलंय.

२१ डिसेंबर

वहिनींना सगळं वाचून दाखवलं. खोटं सांगता आलं असतं, सांगितलं नाही. नवरा सुटणार म्हणून त्यांचा चेहरा फुलला, मग माझ्याकडे बघून उतरला. रात्री मासळीचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. डोक्याकडचा, एरवी शेठचा असतो तो. मग म्हणाल्या, “दोन दिस जा ना, विनिता. मंग आमी तुला सोडवून आनू.”

मला त्यांचा राग येत नाही, हेच वाईट आहे. तो तुकडा मी परत त्यांच्या ताटात ठेवला. मी नाही जाणार, असं सांगितलं.

२३ डिसेंबर

शेठ आले. फटाके वाजले. माझ्याकडे बघत नाहीत.

माझ्या बॅगेवर ठसा.

२४ डिसेंबर

बॅग नाही. तिच्यात पासपोर्ट होता. बरं झालं, आता मला कुणी नेऊच शकत नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. उद्या मिरजेला जाते — नेसत्या कपड्यांनिशी — आईकडे —

२५ डिसेंबर

मनगटावर. आतल्या बाजूला. झोपेत उठला असेल. ओला आहे. घासलं — साबण, रॉकेल, दगड — रक्त आलं, त्याच्यावरही तो तसाच —

शेठ पाहून गेले. रडले. माफ कर म्हणाले. दाराशी बसून राहतो, तुला नेऊ देणार नाही म्हणाले. बसलेत. त्यांचं खोकणं ऐकू येतंय

एक्सप्रेसवे ऐकू येत नाही. कधीपासून —

खिडकीत समुद्र आहे. कोनला समुद्र —

खोकणं लांब गेलं. वहिनी जेवायला हाक मारतायत, पण आवाज किती लांबून, फोनमधून यावा तसा — दाराशी शेठ नाहीत. फळांची टोपली आहे. कुणीतरी अगदी नम्रपणे माझं नाव विचारतंय, त्यांनी ठेवलेलं, मी नाही म्हणणार आहे, मी नाही म्हणतेय आणि तोंडातून हो —