फुंकर

२ ऑगस्ट, शनि.
के. मला सोडून नाशिकला जाऊन आज दोन महिने. इथलं विजयनगरचं घर अजून तिच्याच मांडणीत आहे.
तिच्या आप्पांचा जुना रिबन माइक बाहेर काढला. दर रविवारी यावर आम्ही दोघं कंट्री गाणी गायचो. पुढून ती, मागून मी, तोंडाला तोंड. दोन्ही बाजूंनी ऐकणारा माइक आहे हा. आज स्टँडवर लावला आणि सभेतल्या पुढाऱ्यासारखं ‘फू फू, हॅलो’ केलं. मीच. आतली पट्टी बर्फीवरच्या वर्खाइतकी पातळ. फुंकरीनं गेली.

४ ऑगस्ट
के.चा मेसेज. ‘२४ला येते. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करू. आप्पांचा माइक नेईन.’
खाली नावही नाही.
कपाटात या माइकची नवी नक्कल आहे, दिसायला हुबेहूब. तीच पेटीत घालून द्यावी, असं मनात आलं. लाज वाटली. अजून पुरती गेलेली नाही, लाजही आणि कल्पनाही.

९ ऑगस्ट
येलवालला रंगारीकाकांकडे. त्यांचे आजोबा कापड रंगवायचे, हे माइक दुरुस्त करतात. जाळी उघडून आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, “सुम्मने, उगाच फुकलं काय हो तुमी?”
मान खाली घातली.
“इरली, असू दे. मागं बी मीच पट्टी घातलोय की ह्याला. तुमच्या मिसेस आलत्या. अशीच फुकून गेलती.”
“कधी?”
“चार वर्सं झाली, अल्वा? ह्यांना सांगू नका म्हणल्या. रागावतील म्हणून.”

१० ऑगस्ट
चार वर्षं येईल त्याला बसवून ऐकवत होतो. बघा, ही जुनी पट्टी, हा आवाज नकलेत सापडायचा नाही. आणि के. शेजारी बसून पोह्यांवर खोबरं घालत होती. माझा कान तयार, असं मी सांगत फिरलो. बायकोनं पट्टी बदलली ते कळलं नाही.
का नाही सांगितलं, ते ठाऊक आहे. एकदा रेकॉर्डिंगमध्ये तिचा पाय वायरीत अडकला, तर तीन दिवस बोललो नव्हतो.

१७ ऑगस्ट, रवि.
माइक आला. काकांनी मजुरी घेतली नाही. “दोगं मिळून येवा,” म्हणाले. त्यांना काय सांगणार.
एकट्यानं गाऊन रेकॉर्ड केलं. दुसरं कडवं तिचं. तेवढा वेळ गप्प उभा राहिलो. मग ऐकलं तर त्या जागी आमचा फ्रिज, आणि शेजारच्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या. पुसवेना. रडलो.

२३ ऑगस्ट
उद्या. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, फाडलं.
दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझ्या घरात ती नऊ वर्षं ताक फुंकत होती, आणि मला वाटायचं, स्वभावच शांत आहे.

२४ ऑगस्ट, रवि.
के. अकराला आली. केस कापलेत. आल्या आल्या सांगून टाकलं. “पट्टी मी फुंकून तोडली. काकांनी नवी घातली.”
“काका बोलले?”
“हो.”
तिनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “मला तेव्हा फक्त तीन दिवसांचा अबोला नको होता, रे.”
मी सॉरी म्हटलं. फार उशिरा, आणि फार लहान.
स्टँडवरच्या माइकपुढे ती सवयीनं वाकली, गाल फुगवले आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं.
“फुंक,” मी म्हटलं. “तुटली तर तुटली.”
तिनं नाही फुंकलं. कपाटातून नक्कल काढून पिशवीत घातली. “मला हाच दे. हा तुटला तरी तू काही म्हणणार नाहीस.”
“आणि आप्पांचा?”
“पेटीत घालू नकोस. बाहेरच असू दे.”
कागदांवर मी सही केली. तिची राहिली. घरी जाऊन करते, म्हणाली. नाशिकला घर म्हणाली.
माइक स्टँडवरच आहे. सही राहिली की तिनं मुद्दाम ठेवली, ते विचारायचं धाडस झालं नाही.